रानातील वेष

श्रावणबाळाची गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. आंधळ्या आईवडिलांची तहान भागवावी म्हणून तो काळोखात नदीवर गेला. त्याने घागर पाण्यात बुडवली. बुडबुड असा आवाज झाला. शिकारीसाठी दबा धरून बसलेल्या दशरथ राजाला वाटले, एखादे जनावर पाणी पीत आहे. राजा शब्दवेधी होता. म्हणजे नुसत्या आवाजावरून नेम धरण्याची विद्या त्याला अवगत होती. त्याने बाण सोडला आणि तो श्रावणाच्या छातीत घुसला. राजाचा नेम चुकला नाही. चुकली ती त्याची ओळख.

अशीच एक कथा श्रीकृष्णाच्या अखेरीची आहे. श्रीकृष्ण रानात विसावले असताना जरा नावाच्या पारध्याला त्यांचे पाऊल मृगासारखे भासले आणि त्याने बाण मारला. या दोन्ही कथांत शिकाऱ्याच्या मनात कोणाविषयी वैर नव्हते. त्याला शिकार हवी होती, म्हणून त्याला शिकारच दिसली. डोळा पाहतो, परंतु काय पाहिले हे ठरवते ते मन. मन उतावीळ झाले, की हलणारी फांदी हरीण होते आणि वाकलेला माणूस डुक्कर होतो.

रानात माणसाने कसे दिसावे, म्हणजे तो सुरक्षित राहील? हा प्रश्न पुराणातील कथांपुरता नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील हजारो माणसांना तो आजही दररोज पहाटे पडतो. त्याचाच विचार आपण या पाठात करू.

आज जे दोन जिल्हे आहेत, तो पूर्वी चांदा नावाचा एकच मोठा जिल्हा होता. १९८२ साली त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. साग, बांबू, मोह, तेंदू आणि ऐन यांनी भरलेला हा मुलूख झाडीपट्टी या नावानेही ओळखला जातो. इंग्रजी अमदानीत येथे साहेब लोक आणि संस्थानिक वाघाच्या शिकारीला येत. त्यासाठी हाका घालीत. गावातील बरीच माणसे रानाच्या एका अंगास अर्धवर्तुळ करून उभी राहत आणि ढोल बडवीत, डबे वाजवीत, आरोळ्या ठोकीत पुढे सरकत. त्या गलक्याने बुजलेले जनावर दुसऱ्या अंगाला पळे. तेथे मचाणावर बंदूकवाला शिकारी वाट पाहत बसलेला असे.

या दोघांच्या वेषाकडे पाहा. शिकाऱ्याच्या अंगावर खाकी कपडे असत. ‘खाकी’ हा शब्द फारसीतील ‘खाक’ म्हणजे धूळ, माती या शब्दावरून आला आहे. उन्हाळ्यातील वाळलेल्या गवताशी आणि मातीशी हा रंग असा मिळून जातो, की चार पावलांवर उभा असलेला माणूसही चटकन नजरेस येऊ नये. हाकेकऱ्याच्या कमरेला असे एखादा मळकट पंचा. तोही मातीच्याच रंगाचा. शिकारी उंचावर सुरक्षित असे. हाकेकरी मात्र पायी, रिकाम्या हाताने, बंदुकीच्या दिशेने चालत येई. आपण कोठे आहोत हे शिकाऱ्याला कळवण्याचे त्याच्यापाशी एकच साधन होते. ते म्हणजे त्याचा स्वतःचा आवाज.

पुढे काळ पालटला. ताडोबाच्या रानात १९३५ साली शिकारीला बंदी झाली. १९५५ साली ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान झाले. महाराष्ट्रातील ते सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशभर शिकारीला कडक आळा घातला आणि १९९१ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाल्यावर हौसेखातर शिकार करण्याची वाट पूर्णपणे बंद झाली. आज आपल्या रानात वन्य प्राण्याची शिकार करणे हा गुन्हा आहे.

जगातील काही देशांत मात्र ठराविक हंगामात, परवाना घेऊन हरणाची शिकार करता येते. एकाच रानात अनेक शिकारी बंदुका घेऊन हिंडत असल्यामुळे तेथे दशरथाची चूक पुन्हा पुन्हा घडू लागली. झुडपामागे काही हलले, की गोळी सुटे आणि हरणाऐवजी सोबतीच घायाळ होई. यावर लोकांनी जो उपाय शोधला तो मोठा चमत्कारिक आहे. ज्याला लपून शिकार करायची, त्यानेच सर्वांत भडक कपडे घालावेत! अमेरिकेतील अनेक राज्यांत बंदुकीने हरणाची शिकार करणाऱ्याने झगझगीत नारिंगी रंगाची टोपी किंवा जाकीट घालावे असा कायदा आहे. विस्कॉन्सिन राज्याने २०१६ साली झगझगीत गुलाबी रंगालाही मान्यता दिली. असा वेष करणारा माणूस हरीण समजून मारला जाण्याचे प्रकार पुष्कळच कमी झाले.

येथे तुमच्या मनात दोन शंका येतील. पहिली अशी, की नारिंगीच रंग का? साधा तांबडा का नको? दुसरी अशी, की इतका भडक रंग पाहून हरीण पळून कसे जात नाही?

पहिल्या शंकेचे उत्तर तुम्ही स्वतःच शोधू शकाल. एखाद्या संध्याकाळी शाळेच्या मैदानाच्या कडेला खाकी, हिरवा, तांबडा आणि झगझगीत नारिंगी अशी चार फडकी काठ्यांवर बांधून ठेवा आणि शंभर पावले दूर उभे राहा. खाकी आणि हिरवे फडके आधीच झुडपांत मिसळलेले दिसेल. सूर्य मावळल्यावर अंधार जसजसा दाटेल, तसतसे तांबडे फडके काळपट पडू लागेल. दिवसा जो रंग सर्वांत उठून दिसत होता, तोच मंद उजेडात आधी विझतो. युरोपातील पुर्किने नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. काळोखात पाहण्याचे काम डोळ्यातील ज्या पेशी करतात, त्यांना तांबड्या प्रकाशाची जाणीव फारशी नसते, हे त्याचे कारण.

झगझगीत नारिंगी फडके मात्र बराच वेळ टिकून राहील. त्याचा रंग वेगळ्या जातीचा असतो. त्याला फ्लुओरेसंट रंग म्हणतात. साधे कापड आपल्यावर पडलेल्या प्रकाशातील काही भाग परत पाठवते, एवढेच. हे कापड याहून अधिक काही करते. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण आणि निळा प्रकाश ते शोषून घेते आणि तीच शक्ती नारिंगी प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकते. म्हणून ते भोवतालच्या वस्तूंपेक्षा अधिक उजळ भासते. पहाटे आणि संध्याकाळी आकाशाच्या उजेडात निळ्या प्रकाशाचे प्रमाण अधिक असते. तेव्हा त्याची झळाळी विशेष जाणवते. शिवाय असा रंग रानात दुसऱ्या कशाचाही नसतो. पळस फुलला तरी तो इतका झगझगत नाही.

आता दुसरी शंका. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांच्या साहाय्याने आपण तांबडा आणि हिरवा यांतील भेद ओळखतो. हरणाच्या डोळ्यांत अशा पेशी दोनच प्रकारच्या असतात. त्यामुळे त्याला निळा रंग चांगला कळतो. परंतु तांबडा, नारिंगी आणि हिरवा हे रंग त्याला जवळजवळ सारखेच भासतात. काही माणसांना जन्मतः तांबडा व हिरवा हा भेद कळत नाही. हरणाची दृष्टी काहीशी तशीच समजा. म्हणून जो रंग माणसाला अर्ध्या कोसावरून हाक मारतो, तो हरणाच्या दृष्टीने झाडाच्या पानांत लपून जातो.

निसर्गाला हे गुपित फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वाघाचे अंग पाहा. आपल्याला ते पिवळसर नारिंगी दिसते आणि नवल वाटते, की एवढ्या हिरव्या रानात हा लपतो तरी कसा? परंतु वाघाला आपल्यापासून लपायचे नसून चितळापासून लपायचे असते. सस्तन प्राण्यांच्या केसांत हिरवा रंग तयारच होत नाही. तेथे काळा, तपकिरी, तांबूस, पिवळसर एवढेच रंग संभवतात. चितळाच्या डोळ्याला नारिंगी हा हिरव्यासारखाच भासत असल्यामुळे वाघाचे काम तेवढ्यावर भागते. २०१९ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकाच्या मदतीने हे पडताळून पाहिले, तेव्हा दोनच प्रकारच्या पेशी असलेल्या डोळ्याला वाघाचा नारिंगी रंग उत्तम लपवणारा ठरतो असे त्यांना आढळले.

वर्गात मी हा भाग शिकवीत असताना एका मुलीने हात वर केला. तिची आई मोहफुले वेचायला रानात जात असे. ती म्हणाली, “गुरुजी, मी माझ्या मायला तसले नारिंगी जाकीट शिवून दिले, तर वाघ तिला माणूस म्हणून ओळखेल ना?”

मुलांनो, मी क्षणभर निरुत्तर झालो. कारण खरे उत्तर तिला आवडणारे नव्हते. मी म्हणालो, “नाही, बाळ. वाघाचे डोळेही हरणासारखेच आहेत. त्याच्याही डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या. बंदूकवाल्याला जो रंग ‘थांब, हा माणूस आहे’ असे सांगतो, तो रंग वाघाला काहीच सांगत नाही.”

त्या मुलीचा प्रश्न साधा नव्हता. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले पहाटे गळून पडतात. ती ताजी असतानाच वेचावी लागतात. उशीर झाला तर गुरे आणि हरणे खाऊन टाकतात. वैशाखात तेंदूची पाने तोडण्याचा हंगाम येतो. घरातील माणसे उजाडण्यापूर्वीच रानाची वाट धरतात, पाने तोडून आणतात, त्यांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर नेऊन देतात. या थोड्या दिवसांच्या मिळकतीवर कितीतरी घरांचे वर्षाचे मीठमिरची, वह्या-पुस्तके आणि औषधपाणी चालते. ‘रानात जाऊ नका’ असे सांगणे सोपे आहे. परंतु ज्याची चूल रानावर पेटते, त्याला ते सांगणे म्हणजे ‘जेवू नका’ असे सांगण्यासारखेच होय.

इकडे वाघांची संख्या वाढली आहे. ताडोबाच्या बाहेर ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या भागांत आणि वैनगंगेपलीकडे वडसा, आरमोरीकडेही वाघ वावरतात. माणूस आणि वाघ दोघेही एकाच वेळी, पहाटेच्या धूसर उजेडात, एकाच रानात असतात. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने आणण्यास गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. अशी बातमी आली, की सगळ्या झाडीपट्टीतील चुली त्या दिवशी उदास होतात.

मग वाघाला कोणत्या भाषेत सांगावे, की मी माणूस आहे? रंगाची भाषा त्याला कळत नाही. पण दुसऱ्या तीन भाषा त्याला कळतात.

पहिली भाषा आकाराची. वाघाची नेहमीची शिकार चार पायांवर चालणारी आणि जमिनीलगत मान घालून चरणारी असते. उभा माणूस तिच्यासारखा दिसत नाही. परंतु फुले वेचताना किंवा पाने तोडताना माणूस ओणवा होतो, कधी उकिडवा बसतो, आणि मागून पाहणाऱ्याला एखाद्या जनावरासारखा भासतो. दशरथाची चूक अशा वेळी वाघाच्या हातून घडते. म्हणून वेचणाऱ्याने थोड्या थोड्या वेळाने ताठ उभे राहून चौफेर पाहावे. मध्य भारतात काही ठिकाणी मोहाच्या झाडाखाली जाळी बांधतात. फुले जाळीत पडतात आणि वाकण्याचे श्रम व धोका दोन्ही कमी होतात.

दुसरी भाषा आवाजाची. वाघाचे कान अतिशय तीक्ष्ण असतात. माणसांचे बोलणे, गाणे, काठीचा ठोका त्याला दुरून ऐकू येतो, आणि माणूस येत आहे हे कळले तर तो बहुधा वाट सोडून बाजूला होतो. धोका असतो तो अवचित गाठ पडण्यात. रानात शांत राहावे असे आपण ऐकतो. ते प्राणी पाहायला जाणाऱ्यांसाठी खरे आहे. पोटासाठी जाणाऱ्याने मात्र बोलत, गात जावे.

तिसरी भाषा सोबतीची. वाघ समोरून क्वचितच येतो. तो दबा धरतो आणि पाठीमागून किंवा बाजूने झडप घालतो. एकट्या माणसाला पाठीला डोळे नसतात. चौघांच्या टोळीला असतात. म्हणून पाच-सहा जणांनी मिळून जावे, एकमेकांपासून फार पांगू नये आणि एकाने पाळीपाळीने वेचणे सोडून नुसता पहारा करावा. नीट उजाडल्यावर जावे आणि दिवस मावळण्यापूर्वी परतावे. वाघ दिसलाच तर पाठ फिरवून पळू नये. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरावे. वनविभागाचे कर्मचारीही गावोगाव हेच सांगत असतात.

बंगालच्या सुंदरबनात याच विचारातून एक प्रयोग झाला होता. वाघ पाठीमागून येतो, तेव्हा पाठीमागेही चेहरा असावा, म्हणून १९८० च्या दशकात तेथील मध गोळा करणारे व लाकूडतोडे डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाचा मुखवटा बांधून रानात जाऊ लागले. प्रारंभी त्याचा चांगला उपयोग झाला. पुढे वाघांना ती युक्ती उमगू लागली असे सांगतात. मुखवटा बांधून डोळे मिटून चालणाऱ्याचे रक्षण मुखवटा किती दिवस करणार? सावधपणाची जागा कोणताही वेष घेऊ शकत नाही.

मग नारिंगी जाकीट अगदीच निरुपयोगी का? तसे नाही. त्या मुलीला मी पुढे म्हणालो, “तू जाकीट जरूर शिव. पण ते वाघासाठी नव्हे, सोबतिणींसाठी. दाट झुडपांत तुझी माय कोठे आहे हे त्यांना एका नजरेत दिसेल. ती मागे राहिली तर लगेच ध्यानात येईल. कोणाला साप चावला, पाय मुरगळला, वाट चुकली, तर शोधणाऱ्यांना ती लवकर सापडेल. आणि पहाटे डांबरी सडकेच्या कडेने चालताना मालमोटारीच्या चालकालाही ती दुरून दिसेल.” मुलगी थोडा वेळ विचार करीत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे गुरुजी, जाकीट माणसांना दाखवायचे आणि गाणे वाघाला ऐकवायचे.” माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाचे सार तिने एका वाक्यात सांगितले होते.

ताडोबा तलावाच्या काठी एका झाडाखाली तारू नावाच्या पुरुषाचे ठाणे आहे. तो गोंडांच्या एका गावचा प्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना मरण पावला, अशी आख्यायिका आहे. त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव पडले असे म्हणतात. पौष महिन्यात तेथे यात्रा भरत असे. ज्या लोकांनी आपला माणूस वाघाच्या झुंजीत गमावला, त्यांनी त्याला देव मानले आणि वाघाच्या शेजारीच वस्ती केली. या मुलखात माणसाला वाघ नवा नाही आणि वाघाला माणूस नवा नाही. नवी आहे ती दोघांची वाढती दाटी.

श्रावणाच्या घागरीचा आवाज माणसाचा नव्हता, म्हणून घात झाला. त्याने त्या वेळी एखादे गाणे म्हटले असते, सोबत्याला एखादी हाक मारली असती, तर दशरथाचा हात धनुष्यावरच थांबला असता. रानात जाणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कोणाच्या नजरेस पडायचे आहे ते आधी ओळखावे आणि मग त्याला कळेल अशा रीतीने, ‘मी माणूस आहे’ असे सांगत चालावे.

स्वाध्याय

१. दशरथाचा ‘नेम चुकला नाही, चुकली ती ओळख’ असे लेखकाने का म्हटले आहे?

२. हाक्याच्या वेळी शिकारी आणि हाकेकरी यांच्या स्थितीत कोणता फरक असे?

३. पुढील विधानांची कारणे द्या.
(अ) संध्याकाळी तांबडे फडके काळपट दिसते.
(आ) नारिंगी जाकीट पाहूनही हरीण बुजत नाही.
(इ) मोहफुले वेचणाऱ्याने मधूनमधून ताठ उभे राहावे.

४. वाघाला कळणाऱ्या तीन भाषा कोणत्या? प्रत्येकीविषयी दोन वाक्ये लिहा.

५. ‘जाकीट माणसांना दाखवायचे आणि गाणे वाघाला ऐकवायचे’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

६. पाठात सांगितलेला चार फडक्यांचा प्रयोग शाळेच्या मैदानावर, गुरुजींच्या किंवा बाईंच्या देखरेखीखाली करा आणि कोणते फडके कोणत्या क्रमाने दिसेनासे झाले ते वहीत लिहा.

७. तुमच्या गावातून रानात, शेतात किंवा सडकेने पहाटे कामाला जाणाऱ्या एखाद्या माणसाशी बोला. ती स्वतःच्या सुरक्षिततेसाठी काय काळजी घेतात, याविषयी दहा ओळी लिहा.